बावीस पानांचे गुरुवार

धाकटी सदुसष्ट वर्षांची होती. पण घरात थोरली असली की माणूस कितीही म्हातारं झालं तरी धाकटंच! थोरली एकोणऐंशीची, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही तिला सगळे हेडबाईच म्हणायचे. दोघींनी लग्नं केली नव्हती. का नाही केली, हे हेडबाईंच्या तोंडावर विचारायची कोणाची टाप नव्हती, आणि धाकटीला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. त्यांच्याबरोबर शब्दही गेले. वाचलेलं कळायचं, बोललेलं कळायचं, पण तोंडातून बाहेर पडायचे दोनच शब्द, ‘बरं’ आणि ‘चूक’. चारशे मुलींना एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईकडे देवाने शिल्लक काय ठेवावं, तर ‘चूक’! धाकटीला पहिल्या दिवशी यावर हसू आलं होतं. मग मोरीत जाऊन ती पोटभर रडली होती.

आता धाकटीचं ऐका. तिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात तारा. दिवसाला हजार माणसं तिच्या कानात बोलायची. कोणाला मुलगा झालेला असायचा, कोणाचं माणूस गेलेलं असायचं, कोणी नुसतंच हॅलो हॅलो करत बसायचं. आणि आता? घरातला फोन महिन्यातून दोनदा वाजायचा, तोही राँग नंबर. धाकटी राँग नंबरलासुद्धा लवकर सोडायची नाही. “कोण हवंय तुम्हाला? गॅरेज? नाही हो, हे गॅरेज नाही. गाडीला काय झालंय?” अशी सुरुवात करायची. समोरचा गडबडून फोन ठेवायचा.

दोन वर्षांत ती घरापासून वीस मिनिटांच्या पलीकडे गेली नव्हती. एकदाच औषधाच्या दुकानात रांग लागली आणि चाळीस मिनिटं झाली. परत आली तर थोरली खाटेवरून खाली पालथी पडलेली. तेव्हापासून धाकटी बाहेर पडली की पळतच सुटायची.

त्याच औषधवाल्याने एक दिवस गोळ्यांच्या पिशवीत एक पत्रक टाकलं. ‘तुम्ही घरातल्या कोणाची काळजी घेता का? तुम्हाला मदत मिळू शकते. फोन करा.’ आपण कुठे काळजी घेतो, आपण तर बहिणीबरोबर राहतो, असं म्हणून धाकटीने ते डब्याखाली सारलं. पण त्यावर फोन नंबर होता! फोन नंबर दिसला आणि धाकटीने फिरवला नाही, असं कसं होईल?

“नमस्कार, मदतकेंद्र. बोला, मावशी.”

“मी मावशी आहे हे तुला कसं कळलं गं?”

“आवाजावरून.”

“आवाजावरून मला सगळे पंचविशीची समजतात!”

“बरं, मग बोला, ताई.”

“राहू दे. आता मावशीच म्हण.”

पलीकडची हसली. तरुण, मोकळं हसू होतं. धाकटीने मनातल्या मनात तिचं नाव फोनवाली ठेवून टाकलं.

“कोणाचं करता, मावशी?”

“करत वगैरे काही नाही. बहीण आहे. तिचं थोडंसं बघते.”

“थोडंसं म्हणजे? सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा. अगदी सावकाश, घाई नाही.”

धाकटीने सुरुवात केली. कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, चाकाच्या खुर्चीवर घेणं, दात, गाऊनची बटणं, घास मऊ करून भरवणं, सांडलेलं पुसणं, पुन्हा बटणं. वीस मिनिटं झाली तरी ती जेमतेम सकाळच्या नऊपर्यंतच पोचली होती.

“मावशी,” फोनवाली म्हणाली, “याला थोडंसं म्हणत नाहीत. आणि याला मदत मिळते. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, घरी येऊन बसायला माणूस. तेवढा वेळ तुम्ही मोकळ्या.”

“फुकटचं नको गं बाई आम्हाला. ताईला खपायचं नाही.”

“फुकटचं कसलं? तुमच्या हक्काचं आहे. तुम्ही मागितलं नाहीत म्हणून आजवर कोणी दिलं नाही, एवढंच. फॉर्म पाठवते. बावीस पानं आहेत, पण घाबरू नका. दर गुरुवारी अकरा वाजता मी फोन करेन, दोघी मिळून भरू. फक्त सहा आठवड्यांत पोचला पाहिजे हं. तारीख गेली की पुन्हा रांगेत पहिल्यापासून, आणि रांग वर्षभराची आहे.”

चार-चार तास! त्या दुपारी धाकटीने थोरलीचे केस विंचरताना दोनदा तोच भांग पाडला.

पहिल्या गुरुवारी पाच पानं झाली. दुसऱ्या गुरुवारी आणखी अकरा झाली, आणि वर गप्पाही. फोनवालीने सांगितलं, “दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तुमच्यासारखी माणसं जमतात. मीही असते. चहा असतो. बिस्किटं मऊ पडलेली असतात, पण गप्पा कुरकुरीत!”

“मी कशी येऊ? हिच्याजवळ कोण बसेल?”

“म्हणून तर फॉर्म! तुमचा वेग बघता पुढच्या गुरुवारी संपतोय बघा.”

संपतोय? पण धाकटीला तो संपायलाच नको होता.

कारण तोवर गुरुवार हा गुरुवार राहिला नव्हता. साडेदहालाच ती थोरलीला खिडकीशी बसवायची, स्वतः धुतलेले कपडे घालायची, केस नीट करायची. फोनवर बोलायला केस कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण एक्स्चेंजातसुद्धा ती कधी केस न विंचरता बसली नव्हती. आवाजात दिसतं म्हणे.

मग तिसऱ्या गुरुवारी फॉर्मवर चहा सांडला आणि वाळायला ठेवावा लागला. चौथ्या गुरुवारी चौदावा प्रश्न काही केल्या समजेना, तो फोनवालीने चार वेळा समजावला. पाचव्या गुरुवारी चष्मा फुटला. “काचेचा चुरा झाला गं!” धाकटी फोनमध्ये म्हणाली.

“चूक,” खिडकीशी बसलेली थोरली म्हणाली. चष्मा धाकटीच्या नाकावर होता.

लाइन धरून कशी ठेवायची हे ऑपरेटरला कोणी शिकवावं लागतं का? खरं तर रात्री टेबलाशी बसून तिने फॉर्म केव्हाच भरला होता. फक्त सतरावा प्रश्न कोरा होता.

सहाव्या गुरुवारी फोनवालीचा आवाज निराळा होता.

“मावशी, एक विचारू? रागावू नका. मागच्या खेपेला चष्मा फुटला म्हणालात. आणि मग फॉर्मबरोबरच्या माझ्या पत्रातला बारा आकडी नंबर वाचून दाखवलात. मुंगीएवढ्या अक्षरातला.”

धाकटीने नाकावरचा चष्मा काढला.

“फॉर्म भरून झालाय ना?”

“सतरावा राहिलाय.”

“सतरावा म्हणजे... ‘तुमच्याशिवाय यांचं बघायला आणखी कोण आहे?’ अहो, एका ओळीचा तर आहे.”

“एका ओळीचा आहे, म्हणूनच राहिलाय.”

फोनवाली म्हणाली, “सोमवारी शेवटची तारीख आहे. उद्या दुपारपर्यंत पेटीत टाकलात तर पोचेल. नाहीतर एक वर्ष, मावशी. वर्षभर तुम्ही अशाच पळणार का?”

“आणि टाकला की? पुढच्या गुरुवारी तू करशील फोन?”

“माझं काम फॉर्मपुरतं असतं, मावशी. मग पुढचं नाव येतं. खूप नावं आहेत.”

“कळलं,” धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. एकतीस वर्षांत बोलणाऱ्या माणसाची लाइन तिने कधी तोडली नव्हती.

मग टेबलावर टक टक झालं. थोरली डाव्या हाताच्या बोटाने लाकूड वाजवत होती. वर्ग गप्प करायला वाजवायची तसंच.

“काय पाहिजे, ताई? पाणी?”

“चूक.”

“खिडकी लावू?”

“चूक.” बोट फॉर्मकडे होतं.

धाकटीने फॉर्म पुढे ठेवला. थोरलीने बोट खणाकडे वळवलं. खणात तिची तांबडी पेन्सिल होती. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी टोक केलेली! धाकटीने ती तिच्या डाव्या हातात दिली, आणि हेडबाई पेपर तपासायला बसल्या.

पहिली दोन पानं ठीक होती. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. ‘स्वतः आंघोळ करू शकतात का?’ पुढे धाकटीने सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘हो. थोडी मदत लागते.’

“चूक,” थोरली म्हणाली, आणि डाव्या हाताने वेडीवाकडी फुली मारली.

“अगं ताई, परक्या माणसांना काय काय सांगायचं? तुझी काही—”

“चूक.” पुढची फुली. ‘स्वतःच्या हाताने जेवतात का? — बहुतेक वेळा.’ फुली. ‘एकट्या राहू शकतात का? — थोडा वेळ.’ फुली. धाकटीने बहिणीची अब्रू पानापानांवर झाकून ठेवली होती, आणि थोरली एकेक पांघरूण ओढून काढत होती. जन्मात कोणाला फुकटचे मार्क दिले नव्हते तिने. स्वतःला कशी देईल?

‘रात्री त्यांच्यासाठी उठावं लागतं का?’ पुढे होतं, ‘क्वचित.’

“चूक!” पेन्सिलीचं टोक मोडलं.

धाकटीने मोडलेलं टोक उचललं. “तुला... तू जागी असतेस?”

“बरं,” थोरली हळूच म्हणाली. तिला ‘हो’ म्हणायचं होतं.

रोज रात्री चार-चार वेळा धाकटी चोरपावलांनी उठायची, अंधारात चाचपडत तिला वळवायची, ही झोपेतच आहे अशा समजुतीत स्वतःशीच पुटपुटत. काय काय पुटपुटली असेल ती दोन वर्षांत? ते सगळं हिने ऐकलं होतं.

धाकटीने टोक केलं, पेन्सिल परत दिली. फुलीशेजारी स्वतःच्या पेनाने एकेक खरं उत्तर लिहिलं. नाही. नाही. भरवावं लागतं. नाही. रोज, चार वेळा.

मग सतरावा. तुमच्याशिवाय आणखी कोण?

धाकटीने लिहिलं, ‘कोणी नाही.’ लिहिलं आणि थोरलीकडे पाहिलं. आयुष्यभर या बाईच्या ‘चूक’ला ती घाबरली होती. आज मात्र तिला तोच शब्द हवा होता. म्हण ना, ताई. म्हण चूक.

थोरलीने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. खोलीभर नजर फिरवली, दोन खुर्च्या, दोन खाटा, फोन. आणि सावकाश, डाव्या हाताने, बरोबरची खूण केली.

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तांबड्या फुल्यांनी भरलेला तो फॉर्म घेऊन पळाली. टपालपेटी गल्लीच्या टोकाला, खिडकीतून दिसणारी. पाकीट आत पडल्याचा आवाज आला तेव्हा तिने वळून पाहिलं. खिडकीत थोरली ताठ बसली होती, परीक्षेच्या हॉलमध्ये बसायची तशी, तिच्यावर नजर ठेवून.

पुढचे पाच गुरुवार फोन वाजला नाही. धाकटी तरी साडेदहाला केस विंचरायची. अकरा वाजायचे, सव्वाअकरा वाजायचे. एकदा वाजला! गॅरेज हवं होतं. “राँग नंबर,” ती एवढंच म्हणाली, आणि तिचा तिलाच धक्का बसला.

सहाव्या आठवड्यात पत्र आलं. मंजूर.

बसायला आली ती एक जाडजूड बाई, पिशवीत विणकाम घेऊन. आल्या आल्या थोरलीच्या कानाशी ओरडली, “काय म्हणता, आज्जी?”

“चूक,” थोरली म्हणाली.

“त्यांना बाई म्हणा,” धाकटीने चपला घालता घालता सांगितलं. “आणि ऐकू येतं त्यांना. सगळं ऐकू येतं.”

मंगळवार होता. रस्त्यावर येऊन धाकटी सवयीने पळायलाच लागली, मग दुसऱ्या कोपऱ्यावर थबकली. चार तास होते! एवढ्याचं करायचं काय? चालताना तिचे हात खुर्ची ढकलत असल्यासारखे पुढेच राहत होते. तिने ते पाठीमागे बांधले.

वाचनालयाची मागची खोली सापडायला वेळ लागला नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत कपांचा आवाज, दहा-बारा माणसांच्या गप्पा. आणि त्या गलक्यातून धाकटीच्या कानाने एक धागा अचूक उचलला. तोच आवाज होता.

“सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा, काका. अगदी सावकाश, घाई नाही.”

शब्दसुद्धा तेच! धाकटीला वाटलं, कोणीतरी आपली तार उपसून दुसऱ्याच्या भोकात खोचली. हे शब्द सहा आठवडे ती उशाशी घेऊन झोपली होती. आणि ते सगळ्यांचेच होते की! ती मागे वळली. दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

मग तिला बोर्ड आठवला. “नमस्कार, कोण हवंय?” दिवसाला हजारदा, एकतीस वर्षं. तिने तरी प्रत्येकाला वेगळं काय म्हटलं होतं? पण विचारलं होतं मनापासूनच. एकदाही खोटं विचारलं नव्हतं.

ती दोन पायऱ्या पुन्हा चढली. हाताने केस सारखे केले आणि दार ढकललं. काही माना वळल्या. ओळखीचं कोणीच नव्हतं. टेबलाशी एक कुरळ्या केसांची मुलगी कोणा काकांच्या फॉर्मवर वाकली होती, तिने मान वर केली नाही. केली असती तरी तिने धाकटीला ओळखलं नसतं. धाकटी अजून बोलली कुठे होती?

भिंतीकडची एक खुर्ची रिकामी होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर बावीस पानं घेऊन नुसतेच बसले होते. धाकटी त्या खुर्चीवर टेकली. बशीतलं एक बिस्किट उचललं. खरंच मऊ पडलं होतं.

“सतरावा प्रश्न अडलाय का?” तिने विचारलं.