चाकावरचं एक बोट

मी हुक पाना बोलतोय. नावावरून तुम्ही मला ओळखणार नाही, याची मला खात्री आहे. एक दांडा, विळ्यासारखी वाकलेली मान आणि तिच्या टोकाला एक चोच, एवढाच माझा देह. जगात मला एकच काम येतं. काही गाड्यांच्या चाकामागे आटे पाडलेला खांब असतो, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या बुडाशी दातेरी रिंग. त्या दातात चोच अडकवून मला फिरवलं की रिंग आट्यांवरून चढते किंवा उतरते. रिंग चढली की गाडी उंच होते, उतरली की खाली बसते. एवढ्याशा कामात किळस येण्यासारखं काय असणार, असं मलाही एकेकाळी वाटायचं.

मी जन्माने परदेशी. चार स्प्रिंगा आणि आम्ही दोन जुळे पाने, असं आमचं बिऱ्हाड फिरत फिरत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आलं. २००५ साली तिथून आम्हाला विरारजवळच्या वटार गावच्या प्रीतमने उचललं. त्याच्याकडे सेकंडहँड झेन होती. आमच्या स्प्रिंगा मुळात दुसऱ्याच गाडीच्या, आग्नेल गॅरेजवाल्याने वेल्डिंग करून त्या तिच्यात बसवल्या आणि वर बजावलं, "आहे तेवढी उंची ठेव हां. आधी आपले रस्ते बघ, मग गाडी."

प्रीतम बोटं बघायचा. चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत किती बोटं मावतात, यावर त्याच्या मित्रमंडळीत माणसाची किंमत ठरायची. चार बोटं म्हणजे रिक्षा. दोन म्हणजे बरी. एक म्हणजे "काय बसवलीय राव!" असं म्हणत ते गुटख्याची पिंक टाकायचे, तीही नेमकी माझ्याशेजारी. आईच्या कपाळाला हात लावून ताप बघितलेला प्रीतम मी कधी पाहिला नाही. चाकावरची बोटं मात्र तो दिवसातून दोनदा मोजायचा.

दर रविवारी मला चाकामागच्या चिखलात खुपसलं जाई. तिथे काय नसे! कुजलेली केळीची सालं, चिरडलेला बेडूक, कुणाचे तरी केस. माझा जुळा भाऊ एकदा प्रीतमच्या हातून सुटून गटारात पडला. तो सुटला. मी उरलो.

गाडी एका बोटावर आली आणि प्रीतमचं लग्न झालं. सुरुची विरारच्या फ्लॅटमधली, नोकरदार घरातली मुलगी. वरात वटारकडे निघाली. पहिला गतिरोधक आला तसा नवरदेव गाडी थांबवून म्हणाला, "जरा उतरतेस? वजनाने खाली घासेल." शालू सावरत, मुंडावळ्या कानामागे टाकत ती उतरली. रिकामी गाडी तिरकी तिरकी गतिरोधक ओलांडून गेली आणि मागून नवरी चालत गेली. एक गतिरोधक शाळेसमोर, एक चर्चसमोर, एक देवळासमोर, बाकीचे कुणाच्या ना कुणाच्या मेव्हण्याच्या दारात.

उंबरठ्यावरचं माप ओलांडल्यावर सासूने, मथुराबाईंनी, विचारलं, "दमलीस का गं?"

"नाही आई. अकरा वेळा उतरले फक्त."

मथुराबाई आधी गोंधळल्या, मग पदरात तोंड लपवून हसल्या. त्या दोघींचं जमलं ते तिथेच.

सुरुची बोलायची कमी. रविवारी प्रीतम तिच्या हातात नटांची वाटी देऊन तिला शेजारी बसवायचा. ती बघत बसायची. आधी खालची, वरचीला घट्ट धरणारी रिंग सैल करायची, मग वरची फिरवायची, मग खालची पुन्हा आवळायची, हे तिने मुकाट्याने टिपून ठेवलं होतं. एकदाच तिने विचारलं, "वर करायची असली तर?"

"वर कशाला?" प्रीतम हसला. "वर जायला ती काय रिक्षाय?"

लग्नाला चार महिने झाले आणि मथुराबाई वाडीत, केळींच्या पाटात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. विरारला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे त्या पायावर भार नको, आणि दर मंगळवारी दाखवायला आणा. रिक्षात पाय लांब करता येत नाही, म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं बसवलं. पुढे त्यांचे यजमान दयाराम. सुरुची मागे, सासूचा पाय मांडीवर घेऊन.

पहिला गतिरोधक आला. गाडी थांबली.

"आई, जरा उतरतेस?"

मी डिकीत होतो. लोखंडाला ओकारी येत नाही, हे माझं दुर्दैव.

"अहो, मी उतरते, बाबा उतरतात," सुरुची म्हणाली. "आईंना राहू द्या."

"आणि इंजिनाखालचा चेंबर फुटला तर? सगळं ऑईल रस्त्यावर येईल."

मथुराबाई उतरल्या. "ऱ्हाऊ दे गं, त्याची गाडीय," म्हणत, सुनेच्या खांद्यावर लोंबकळत त्यांनी तो उंचवटा पार केला. दुसराही केला. तिसऱ्याला पाय टेकला गेला आणि त्या अशा ओरडल्या की चर्चसमोरची माणसं धावत आली. टाके उसवले होते. डॉक्टर सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा भार पडला तर सळई वाकेल. मग त्या चालतील याची खात्री मी देणार नाही."

घरी आल्यावर सुरुचीने नवऱ्याला विनवलं, "सहा आठवड्यांपुरती गाडी चार बोटांवर घ्या."

"वेडी आहेस का? येत्या नाही, पुढच्या रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर सगळ्या मित्रांच्या गाड्या लागणारेत. किती मेहनतीने एक बोट केलंय! मंगळवारचं मंगळवारी बघू."

सोमवारी सकाळी प्रीतम कामाला गेला. सुरुचीने साडीचा पदर खोचला, डिकी उघडली आणि मला बाहेर काढलं.

दयाराम अंगणात आले. तिच्या हातातला पाना बघून म्हणाले, "जॅक मी लावतो. तुला जमेल ना पोरी?"

"बघितलंय मी, बाबा."

त्यांनी जॅक लावला, खाली नारळाचे दोन ओंडके सरकवले, चाक काढलं. आत खाऱ्या चिखलाने रिंगा गच्च धरल्या होत्या. सुरुचीने जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून आटे घासले. मला अडकवलं, जोर लावला. मी हललो नाही. तिच्या तळव्याला फोड आला. तरी मी हललो नाही. माझी इच्छा होती हो, पण इच्छेने आटे सुटत नाहीत. शेवटी दयारामांनी पंपाच्या पाईपचा तुकडा आणून माझ्या दांड्यावर चढवला आणि दोघांनी मिळून रेटलं. कर्रर्र! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी वर नेत होतो.

शेजारच्या सालोमीबाई फाटकातून डोकावल्या. "काय गो सुनबाय, गॅरेज काढलास काय?"

ओट्यावरच्या खाटेवरून मथुराबाई म्हणाल्या, "उद्घाटन हाय. पेढे ने घरी जाताना."

सुरुची खडूने खूण करून आटे मोजत होती. "चारही चाकांना सारखे हवेत, नाहीतर गाडी लंगडेल."

"नको गं बाई. लंगडी एक पुरे घरात!"

चौथं चाक बसलं तेव्हा दुपार उलटली होती. फटीत पूर्ण चार बोटं. सुरुचीने मला पुसलं, पण डिकीत ठेवलं नाही.

संध्याकाळी प्रीतम फाटकातच थबकला. "गाडी कुणी उचलली? पाना कुठाय माझा?" त्याने डिकी उपसली, माळा उपसला, तांदळाचा डबा उपसला. दयाराम शांतपणे विडा लावत होते. आग्नेलकडे जाऊन आला, तर तो म्हणाला, "तसला दुसरा पाना इथे मिळायचा नाही. छिन्नी-हातोडीने फिरेल. पण मी नाही फिरवणार. आधी आईला चालू दे, मग ये." स्वतः छिन्नी मारायची प्रीतमची छाती नव्हती, रिंगेचे दात तुटले असते ना!

मंगळवारी झेन निघाली. ते मी पाहिलं नाही, पण परत आल्यावर मथुराबाई तीनतीनदा सांगत होत्या, म्हणून मला पाठ आहे. कुणी उतरलं नाही. त्या मोठ्याने मोजत गेल्या, एक, दोन, तीन... आणि अकरा झाल्यावर म्हणाल्या, "अगं, संपले पण?" राजोडीला प्रीतम गेलाच नाही. चार बोटं घेऊन कुठल्या तोंडाने जाणार!

आता सहा आठवडे उलटलेत. मथुराबाई वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. प्रीतम मला अजून शोधतोय. मी कुठे आहे सांगू? त्यांच्याच गादीखाली, उशाशी. इथे चिखल नाही, पिंक नाही. तेलाचा आणि बामचा वास आहे. मला लपवायला ही जागा सुरुचीने निवडली आणि मथुराबाई त्यावर निवांत निजल्या.

अख्खं घर उपसणाऱ्या प्रीतमने ही खाट तेवढी कधी हलवली नाही. दारातूनच विचारतो, "बरंय ना आई?" आणि जातो. एकदा आत येऊन उशाशी बसला, पाठीला हात देऊन तिला उठवलं, तर गादी सरकेल आणि मी त्याच्या हाताला लागेन. मग खुशाल न्यावं मला. मी तक्रार करणार नाही.

पण वाचकहो, तुम्ही त्याला सांगू नका. त्याचं त्यालाच सापडू दे. नाही सापडलो, तर इथेच गंजायला माझी काही हरकत नाही.