रविवारचं औषध

माझे दाजी, भाऊसो, कळंब्यात दर रविवारी सकाळी मूळव्याधीचं औषध द्यायचे. आज्यानं दिलं, बापानं दिलं, म्हणून हे. पैसा घेत नसत, ह्याचा त्यांना कोण अभिमान. कसल्याशा पाल्याची गोळी ताकातून द्यायची, महिनाभर मटण आणि तिखट बंद. आणि एक अट: औषध घेतलंय हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

लोकांना ही अट सोयीचीच पडायची. हे दुखणं चारचौघांत सांगतो कोण? इचलकरंजीहून मागावर दिवसभर उभे राहणारे यायचे, बिद्रीकडची माणसं यायची, मान खाली घालून गोळी गिळायची आणि बरी व्हायची. रश्श्याशिवाय घास न उतरणाऱ्याला महिनाभर ताकभातावर ठेवलं तर बरं वाटणारच की, असं मी एकदा दाजींना तोंडावर म्हणाले. दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, बनाबाई. मी तिला अक्का म्हणायची. पाला वाटणं, ताक घुसळणं सगळं तिच्याकडं. गेल्या उन्हाळ्यात ती पांढरीफटक दिसायला लागली. एका बुधवारी जेवायला बोलावलं तर रश्श्याला शिवली नाही.

"उपास हाय," म्हणाली.

"बुधवारी कसला उपास?"

"गप जेव, पूर्णे."

पुढं एक दिवस दारात सडा घालताना ती कोसळली. दवाखान्यात कळलं, अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी दुर्बिणीनं तपासलं, स्कॅन काढला आणि दाजींना नि मला बाहेर बोलावलं.

"मूळव्याध आहेच, पण वर आतड्यात गाठ आहे. रक्त तिथूनही जात होतं. आता ती यकृतापर्यंत पोचलीय. लवकर आला असता तर काढता आली असती."

"आम्हाला म्हाईतच नव्हतं," मी म्हणाले.

"मला म्हाईत हुतं," दाजी म्हणाले. "वरीसभर मीच औषध देत हुतो."

मला वाटलं, आता ही बाई त्यांना झाडणार. झाडायलाच हवं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "मूळव्याध पथ्यानं बरीचशी बसते हो. पण रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच, हे तपासल्याशिवाय म्हणायचं नसतं." तिच्या त्या शांतपणाचा मला संताप आला.

अक्काजवळ मी रोज बसायची. एकदा न राहवून विचारलं, "मला तरी सांगायचंस की गं."

"सांगितलं असतं आन् गुण आला नसता, तर त्यास्नी काय वाटलं असतं?" ती म्हणाली. मी खिडकीकडं तोंड करून रडले. दसऱ्याच्या आधीच ती गेली.

कार्य उरकल्यावर पहिलाच रविवार. माणसं नेहमीसारखी फाटकाशी येऊन थांबली होती. दाजी स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"पूर्णिमा, खरं सांग. तिनं तुला सांगितलंतं न्हवं?"

मी वळून बघितलं. असं आशेनं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी 'व्हय' म्हणाले असते तर औषध खरं ठरलं असतं, त्यांचा बाप खरा, आजा खरा, आणि चूक सगळी अक्काची. दवाखान्यात तिची घाण लुगडी ह्याच माणसानं रोज आपल्या हातानं धुतली होती. मला त्यांची दया आली, हे नाकारत नाही. पण मेलेल्या बहिणीला शब्द मोडणारी कशी म्हणू?

"न्हाय दाजी. तिनं कुणालाच सांगितलं न्हाय. तुमची अट तिनं पाळली."

ते तिथंच फरशीवर बसले. बाहेरून कुणीतरी विचारलं, "भाऊसो, हायसा न्हवं घरात?" ताकाच्या रिकाम्या डेऱ्याकडं बघत दाजी म्हणाले, "सांगायचं हुतं की गं तिनं. कुणाला तरी सांगायचं हुतं."