आठ अंश उशीर

ओरेस्ते ब्रांबाती कंटाळला होता. दुखऱ्या गुडघ्यांना, गॅरेजला, आणि सगळ्यात जास्त लोरेदानाबाईंच्या हौसेला. शाळेतून निवृत्त झालेली बाई, चोपन्न वर्षांची तिची जुनी जुलिया गाडी, आणि म्हणे, "ओरेस्ते, सिग्नलला थरथरते आणि घाटात दम खाते. काहीतरी कर बाबा. मीही तशीच झालेय, पण माझं काही होण्यासारखं नाही."

उपाय होता. त्याच जातीच्या नंतरच्या इंजिनांत कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक डबी असते. तेलाच्या दाबाने ती कॅम जरासा फिरवते, म्हणजे गाडी उभी असताना व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि जोर लागला की लवकर. डबीसकट एक हेड, म्हणजे इंजिनाचा अख्खा वरचा भाग, भंगारवाल्याकडे मिळालं. जुनं उतरवायचं, हे चढवायचं. सांगायला सोपं! एकाहत्तराव्या वर्षी हेड उचलून बघा, म्हणजे कळेल.

उघडण्यापूर्वी मोजून ठेवायचं, ही त्याची जुनी खोड. त्याने क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य दांड्याला, अंशांची तबकडी लावली, कॅमवरची खूण त्याला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या छोट्या कॅपवरच्या रेघेशी आणली आणि काटा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. इंजिन दोन फेरे फिरवून तिसऱ्यांदा बघितला. रेघेला रेघ जुळूनही आठ अंश उशीर.

ती रेघ त्याने स्वतः कानशीने मारली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, घाटातल्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात. याच जुलियातून लोरेदानाबाई पहिल्या येणार, असं अख्खं खोरं धरून चाललं होतं. इंजिन जोडलं धाकट्या भावाने, फेर्मोने, रेघेला रेघ लावून. बाई नवव्या आल्या. संध्याकाळी मक्याच्या पिठाचा पोलेंता खात बसलेल्या पन्नास माणसांसमोर ओरेस्तेने भावाची सालटी काढली.

"तुला साधी रेघेला रेघ जुळवता येत नाही? जा, गवत कापायची यंत्रं दुरुस्त कर!"

"दादा, मला वाटतं रेघच चुकलीय."

"माझी रेघ?"

उघडून बघायची तसदी घेतली का कोणी? छे! फेर्मो खाली नदीकाठी गेला आणि खरोखरच गवत कापायची यंत्रं दुरुस्त करू लागला. आई गेली तेव्हा दोघांनी शवपेटीची एकेक बाजू धरली, तीही न बोलता.

आता गंमत बघा. जुनं हेड उद्या भंगारात जाणार होतं, रेघेसकट. कोणाच्या बापाला कळलं नसतं. जेवताना ओरेस्तेने हाच विचार केला, आणि ताट बाजूला सारलं. लाज वाटत होती, सरळ सरळ लाज. उठून त्याने ती कॅप काढली, खिशात टाकली आणि उतार उतरू लागला.

फेर्मो दुकानापुढच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. ओरेस्तेने कॅप त्याच्यापुढे धरली.

"आठ अंश. चूक माझी होती रे. तुझी नव्हती."

फेर्मोने कॅपला हात लावला नाही. "मला माहीत होतं."

"मग गावभर बोंबलला का नाहीस?"

"आई म्हणाली, तुला दुसरं दुकान मिळेल. पण ओरेस्तेला दुसरं नाव मिळायचं नाही."

ओरेस्ते त्याच्या शेजारी बाकावर बसला. मग म्हणाला, "वर चल. नवं हेड बसवायचंय. तुझ्यासारखा हात नाही कोणाचा."

फेर्मोने हात खिशातून बाहेर काढले. दोन्ही थरथरत होते, थांबतच नव्हते.

"दोन वर्षं झाली. आता गवताचं यंत्रही उघडता येत नाही." तो हसला. "तुला यायला जरा उशीरच झाला, दादा."

ओरेस्तेने बाहीने डोळे पुसले.

"रडतोस काय, म्हाताऱ्या? डोळे शाबूत आहेत माझे. तू फिरव, मी आकडे वाचतो. तुझ्या वाचण्यावर माझा काडीचा भरवसा नाही."

हेड चढवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी फेर्मो तबकडीसमोर स्टुलावर बसला आणि ओरेस्ते क्रँक फिरवू लागला.

"अजून. अजून थोडं. पुढे गेलास, गाढवा! मागे घे. हां, आता बरोबर."

ओरेस्तेने बोल्ट आवळला. नव्या कॅपवर खूण तेवढी करायची राहिली. त्याने कानस फेर्मोच्या हातात दिली आणि वरून आपल्या हाताने तो हात घट्ट धरला.

रेघ थोडी वाकडी आली. पण जागेवर आली.