सहाशे वॉटची कॉफी

खट् असा आवाज झाला, फ्रिज गुरगुरायचा थांबला, दिवे गेले, आणि स्वयंपाकघरात केटलीसमोर उभ्या असलेल्या भालचंद्रांनी विजयी चेहऱ्याने मागे वळून पाहिलं.

"बघ! मी म्हटलं होतं की नाही? हिच्यामुळेच होतंय. आता सिद्ध झालं."

"ते पहिल्यांदा दिवे गेले तेव्हाच सिद्ध झालं होतं," लता अंधारात चाचपडत म्हणाली. "तीनतीनदा कशाला घालवायचे?"

"एकदा झालं तर योगायोग असतो, अगं. खात्री नको का करायला?"

दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात जन्म काढलेला माणूस. खात्री केल्याशिवाय त्यांनी कधी पेन्सिलसुद्धा विकत घेतली नव्हती, आणि खात्री म्हणजे तीन दुकानांची कोटेशनं. गेल्या महिन्यात निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं आणि नवराबायको गुरुग्रामच्या टोकाला, मानेसरच्या अलीकडे, अकराव्या मजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गॅसच्या पाइपलाइनचा अर्ज भरला होता. ती यायला महिना तरी लागणार होता. तोवर जेवणाचा डबा खालच्या मजल्यावरून येई आणि चहापुरती ही केटली, निरोप समारंभात ऑफिसने दिलेली. अठराशे वॉटची, आरशासारखी चकचकीत. सगळं ठीक होतं, पण या सोसायटीत वीज गेली की जनरेटर सुरू होई आणि त्यावर प्रत्येक घराला एकच किलोवॅट मिळे. त्याहून जास्त ओढलं की घर अंधारात. आणि वीज तर दिवसातून दोनतीनदा जाणार हे ठरलेलं.

भालचंद्रांनी पॅनेलचं बटण वर ढकललं. दिवे आले.

"चलो, फैसला! आजच दुसरी घेऊन टाकू. कमी वॉटची, वीज वाचवणारी. तूच पसंत कर, मला त्या भांड्याकुंड्यांतलं काय कळतं?"

ते सहज बोलून गेले. पण लताला हसू आवरेना म्हणून तिने फ्रिज उघडून उगाच आत डोकं घातलं.

एका केटलीसाठी एवढं हुरळून जाण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण लताच्या संसारात तिने स्वतः निवडलेली वस्तू शोधायला गेलं तर दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. शेगडी सासूबाईंनी घेतलेली. मिक्सर मराठी मंडळाच्या सोडतीत लागला. फ्रिज दीर बदलीच्या वेळी ठेवून गेले. घर सरकारने दिलं, भिंतीचा पिवळा रंगही सरकारनेच दिला. या फ्लॅटचा मजलासुद्धा बिल्डरच्या चिठ्ठीत निघाला. तिची तक्रार नव्हती कशाचीच. आलेलं नीट वापरायचं, पुसून ठेवायचं, हा तिचा स्वभाव.

दुसरी गोष्ट जरा नाजूक होती. लताला चहा आवडत नसे.

बेळगावला तिच्या माहेरी कॉफी होई, दुधाची, वर जायफळ किसलेली. मुलगी बघायला आलेल्या काकासाहेबांनी, म्हणजे पुढे सासरे झाले त्यांनी, प्रेमाने विचारलं होतं, "चहा घेतेस ना, मुली?" आणि बघायला आलेल्यांना नाही म्हणायचं नसतं एवढंच शिकलेली लता हो म्हणाली. एकदा हो म्हटलं ते म्हटलं. सासर चहाबाजांचं निघालं. पुढची चौतीस वर्षं तिने दिवसातून पाचदा सगळ्यांना चहा करून दिला, आणि स्वतःचा कप घेऊन मागच्या अंगणात जाऊन तो कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. लक्ष्मीबाई नगरात तो कढीपत्ता प्रसिद्ध होता. शेजारणी खत कुठलं म्हणून विचारत आणि लता तोंडात मिठाची गुळणी धरून बसे.

आता अकराव्या मजल्यावर अंगण नव्हतं, कुंडी नव्हती. आणि भालचंद्रांनी निवृत्तीनंतरचा नवा नियम केला होता: दूध बंद, टी-बॅगचा लिंबू घातलेला चहा, दोघांनीही. त्यांना हवी होती नुसतं पाणी तापवणारी केटली. तसली आली की लताच्या कॉफीचं दार पुढच्या वीस वर्षांसाठी बंद. दूध उकळणारी घ्यायची, तर कशासाठी, हे तोंड उघडून सांगायला हवं होतं. ते आज सांगायचं, असं तिने फ्रिजमध्ये डोकं घालूनच ठरवलं.

तेवढ्यात साकेतचा फोन आला. मुलगा मानेसरला कारच्या कारखान्यात इंजिनियर. सगळं ऐकून म्हणाला, "आई, कशाला थंडीत बाहेर पडता? मी ऑर्डर टाकतो, उद्या सकाळी दारात. बेस्ट रेटिंगवाली बघतो."

"खबरदार!" लता इतक्या जोरात म्हणाली की भालचंद्रही दचकले. "काही टाकायचं नाही. मी दुकानात जाणार आहे. हातात घेऊन बघणार आहे."

"अच्छा, ठीक आहे बाबा," साकेत हसत म्हणाला. "एन्जॉय."

लताने ठेवणीतली पश्मिना काढली, केसांतली पिन बदलली. भालचंद्र दारात चपला घालून उभे होते. त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं.

"अगं, केटली आणायला चाललोय. लग्नाला नाही."

"चला हो तुम्ही," लता म्हणाली. लिफ्टमधल्या आरशात तिने स्वतःकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. आज तिला छान वाटत होतं.

सेक्टरच्या बाजारात एका सरदारजींचं दुकान होतं, जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेलं. भालचंद्रांनी आत शिरताच सूत्रं हातात घेतली. जनरेटर, एक किलोवॅट, ट्रिप होणं, सगळी केस मुद्देसूद मांडली. सरदारजींनी तीन नमुने काउंटरवर ठेवले: एक अरुंद तोंडाची छोटी केटली, एक इंडक्शनची शेगडी आणि एक बुटकी, रुंद तोंडाची, पोटावर गोल बटण असलेली केटली.

भालचंद्र प्रत्येकीला उलटी करून तळावरचे आकडे वाचू लागले. "ये कम वॉट का है, मतलब बिजली कम खाएगा?"

"ना जी," सरदारजी म्हणाले. "वॉट कम, तो टाइम ज़्यादा. पानी को जितनी गर्मी चाहिए, उतनी तो चाहिए ही. हाँ, आपका जनरेटर नहीं गिरेगा. बचत करनी है तो जितना पीना है उतना ही गरम करो, और ढक्कन लगा के. लोग दो कप के लिए पूरी केटली भर देते हैं."

हे ऐकून भालचंद्र बेहद खूश झाले. आपण अठराशे वॉटच्या त्या चकचकीत केटलीत रोज काठोकाठ पाणी भरत होतो, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी अरुंद तोंडाची छोटी केटली उचलली. "बिल्कुल हमारे लायक. दोन कप पाणी, बास. यही पैक कर दो."

"थांबा," लता म्हणाली. पण फारच हळू. सरदारजी खोकं शोधायला वळलेसुद्धा.

"थांबा हो!"

दोघंही थांबले. लताने बुटक्या केटलीवर हात ठेवला. "मला ही बघायचीय. इसमें दूध उबलता है ना?"

"उबलता है. इसीलिए मुँह चौड़ा है, हाथ डाल के धो लो. बटन छोटे पे रखो, छह सौ वॉट. पर दूध है, सामने खड़ा रहना पड़ेगा."

"पण आपण दूध बंद केलंय," भालचंद्र म्हणाले. "दूध कशाला हवंय आपल्याला?"

लताचे कान तापले. एवढं सोपं वाक्य, पण घोडं तिथेच पेंड खात होतं. सरदारजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग, अगदी धंद्याच्या आवाजात, विचारलं, "बहनजी, आप बोलो. आप क्या पीती हो?"

"ये भी चाय ही पीती हैं," भालचंद्रांनी उत्तर दिलं.

"नहीं," लता म्हणाली. "मैं कॉफी पीती हूँ." आणि मग नवऱ्याकडे वळून, कारण मुख्य काम अजून व्हायचंच होतं, "मला चहा आवडत नाही."

भालचंद्रांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पण रोज तर घेतेस!"

"ओतते."

"कुठे?"

"कढीपत्त्याला घालायचे. आणि इथे आल्यापासून सिंकमध्ये."

सरदारजींनी गिऱ्हाइकासाठी चहा सांगायला वर केलेला हात हळूच खाली घेतला. भालचंद्र काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. लताला वाटलं, आता रागावतात की काय. रागावले तर रागावले. बोलून झालं होतं, आणि बोलून इतकं हलकं वाटेल हे ठाऊक असतं तर तिने काकासाहेबांच्याच तोंडावर सांगून टाकलं असतं.

"काला अंब," भालचंद्र एकदम म्हणाले.

"काय?"

"दर चौदा जानेवारीला आपण मंडळाच्या बसने पानिपतच्या स्मारकाला जायचो. त्या सुनीतीबाई थर्मास भरून कॉफी आणायच्या. तू दोन दोन कप प्यायचीस. त्यांच्या शेजारची जागा कधी सोडायची नाहीस. मला वाटायचं, थंडीमुळे." ते हातातला चष्मा पुसायला लागले. "मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या हिला थंडी फार बाधते."

लताला हसू फुटलं. आधी तोंडावर पदर धरून, मग सरळ खो खो. भालचंद्रांना काय करावं कळेना. मग तेही हसायला लागले, आणि डोळे पुसता पुसता उठून त्यांनी काउंटरवर थाप मारली. "भाईसाब, वो पैक मत करो. दूध वाली दिखाओ. और जितनी हैं सब निकालो. मैडम पसंद करेंगी!"

मग लताने पसंत केली. आणि काय पसंत केली! साखरपुड्याच्या साड्यासुद्धा तिने अशा पाहिल्या नव्हत्या, कारण त्या आत्याने आणल्या होत्या. चार केटल्या काउंटरवर आल्या. तिने प्रत्येकीत मनगटापर्यंत हात घालून तळाचे कोपरे चाचपले. झाकण बसवून पाहिलं, मूठ धरून तिरकी केली, बटण फिरवलं. एकीचं झाकण सैल, एकीची मूठ जड. दुहेरी भिंतीची एक निघाली, बाहेरून हात लावला तर भाजणार नाही अशी आणि आतलं तासभर गरम ठेवणारी. परत तापवायला नको.

"म्हणजे वीज वाचते," भालचंद्र म्हणाले. "पॉइंट आहे." मग चाचरत, "बाकी दोन दुकानांत एकदा भाव..."

लताने नुसतं पाहिलं.

"नको, नको. हीच. उत्तम आहे."

परतताना त्यांनी कॉफीची पूड घेतली, दूध घेतलं, आणि तीन किराणा दुकानं पालथी घालून जायफळं शोधली. भालचंद्रांना वाटलं होतं एक पुरेल. लताने चार घेतली. खोकं मात्र तिने कुणाला धरू दिलं नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसली, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी सांभाळलं. साकेतचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घेतली! माझ्या पसंतीची! लाल आहे!"

घरी आल्यावर भालचंद्रांनी जाहीर केलं की चाचणी जनरेटरवरच व्हायला हवी. म्हणून वीज जायची वाट पाहत दोघं स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसली. वीज जावी म्हणून घड्याळाकडे पाहणारं दुसरं जोडपं त्या सगळ्या सोसायटीत नसेल. त्या दिवशी नेमकी वीज जाईना. भालचंद्रांनी दोनदा खाली गार्डला फोन करून विचारलं, "आज लाइट नहीं जा रही क्या?" गार्डला वाटलं, साहेब टोमणा मारतायत, त्याने माफी मागितली.

संध्याकाळी गेली. खालून जनरेटरची घरघर सुरू झाली. भालचंद्र ताडकन उठले.

"बस तू. मी करतो."

"तुम्हाला येते?"

"सामने खड़ा रहना पड़ेगा, एवढंच ना? उभा राहतो."

त्यांनी दोन कप दूध मोजून ओतलं, बटण छोट्यावर ठेवलं आणि श्वास रोखला. फ्रिज गुरगुरत राहिला. दिवे तसेच राहिले. "गेले नाहीत!" ते ओरडले. "लता, गेले नाहीत!" आणि लता, साठीला टेकलेली बाई, टाळ्या पिटत खुर्चीवरून उठली.

दूध वर आलं तसं तिने बटण बंद करायला सांगितलं, पूड किती ते बोटाने दाखवलं, जायफळ स्वतः किसलं. वास घरभर पसरला. भालचंद्रांनी दोन कपांत कॉफी ओतली, साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तिच्या कपावर नेऊन थबकले.

"तुला साखर किती घालू?"

लताने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तयार नाही. काकासाहेबांना अडीच चमचे, सासूबाईंना दोन, यांना आता अर्धा, साकेतला मुळीच नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. स्वतःचं कुणी विचारलंच नव्हतं. सुनीतीबाईंच्या थर्मासमधून जशी येई तशी ती प्यायची.

"निवेल हं कॉफी," भालचंद्र हलकेच म्हणाले.

"निवू दे. विचार करतेय."

खाली जनरेटर चालू होता. भालचंद्र चमचा हातात धरून तसेच उभे राहिले.