एक शंका, दोन शब्द

“बाबू, डिस्चार्ज म्हणजे बरं होऊन घरी जाणं ना? मग मावशीला कसला डिस्चार्ज देताय? तिला काय धाड भरलीय?”

खांद्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन दवाखान्याचे धोबीमामा कचेरीच्या दारात उभे होते. बाबूंनी मान वर केली नाही. कीबोर्डवर बोटं चालूच होती.

“डिस्चार्ज पेशंटला, मामा. नोकराला देतात तो डिसमिस. घरी दोघंही जातात. पण एकाला न्यायला माणसं येतात, दुसऱ्याकडे येणारी माणसंही यायची थांबतात.”

बाबूंना सगळा दवाखाना डिक्शनरी म्हणायचा. एकतीस वर्षांपासून ते एक जाड वही लिहीत आले होते. त्यात इंग्रजीतले जुळे शब्द, म्हणजे तोंडावळा किंवा अर्थ सारखा आणि स्वभाव निराळा असे. एक ‘स्टेशनरी’ जागची हलत नाही आणि दुसरी कपाटात टिकत नाही, हे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवायचे. डॉक्टर हसायचे आणि पुढच्या वेळी स्पेलिंग विचारायला त्यांच्याकडेच यायचे. इतक्या वर्षांत त्यांचा एकही कागद चुकीसाठी परत आला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि ती कोरी पाटी तशीच देवापुढे ठेवायची, एवढीच त्यांची हौस होती.

आजचा कागद वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या मावशीचा होता. बायकांच्या वॉर्डातल्या एका पेशंटचं मनगटी घड्याळ हरवलं. त्या दिवशी पाळी मावशीची होती, म्हणून तिला आठ दिवस घरी बसवलं होतं. चौकशी समितीने जबाब वाचले आणि तिला काढायचं ठरवलं. समितीतली माणसं इंग्रजीच वाचायची, म्हणून सगळ्यांचे जबाब बाबूंनीच इंग्रजीत उतरवून दिले होते. चार वाजता मावशी येणार, कागद घेणार आणि जाणार.

“पण बाबू,” मामांनी ढीग खुर्चीवर टेकवला, “वॉर्डबॉय म्हणतो, तिला माझ्याच जबाबावरून काढली. म्हणजे? मी तर तिच्या बाजूने बोललो होतो!”

“तुम्हीच म्हणालात ना, शंका आहे म्हणून?”

“अहो, चौकशीच्या साहेबांनी विचारलं, मावशीने घेतलं असेल का? मी म्हटलं, तिने? मला शंकाच आहे! वीस वर्षं मी तिच्या वॉर्डातल्या चादरी धुतोय. उशीच्या खोळीत राहिलेलं कानातलं घेऊन धावत आलेली बाई ती. ती घेईल घड्याळ? तुम्ही काय लिहिलंत?”

बाबूंची बोटं थांबली. फाइल काढायची गरज नव्हती, तरी त्यांनी काढली. मामांच्या वाकड्यातिकड्या सहीच्या वर त्यांनीच छापलेलं वाक्य होतं. त्यात शब्द होता ‘सस्पेक्ट’.

हवा होता ‘डाउट’.

वहीच्या पहिल्या दहा पानांतच ही जोडी होती, त्यांच्याच अक्षरात. डाउट म्हणजे नसेल असं वाटणं, सस्पेक्ट म्हणजे असेल असं वाटणं. आपल्याकडे दोघांना शंका हा एकच सदरा, ज्याने त्याने अंगावर घ्यावा. जो शब्द त्यांना झोपेतही चुकला नसता, तो त्या दिवशी चुकला कसा?

आणि मग आठवलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मावशी नवा चष्मा लावून आली होती. हिला चष्मा परवडला कसा, असं बाबूंच्या मनात आलं होतं. फक्त मनात, पण तिथून ते बोटांत उतरलं होतं. डोळ्यांच्या शिबिरातून मोफत चष्मे मिळालेल्यांची यादीसुद्धा त्यांनीच टाइप केली होती. अकरावं नाव मावशीचं. टाइप केलं, वाचलं नाही. माणसाच्या डोळ्यांवर देव कधीकधी असा हात ठेवतो, आणि आपण म्हणतो, आपल्याला दिसतंय!

“मामा, इथेच बसा,” म्हणून बाबू उठले. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर मॅडमच्या खोलीपर्यंत सोळा पावलं. कधी नव्हे ते आज त्यांनी मोजली.

मॅडमनी दोनदा ऐकून घेतलं. “काका, तुमच्याकडून चूक? धोबीमामाच आता फिरले असतील.”

पळायला वाट होती. अगदी दार उघडून दाखवल्यासारखी.

“मामा नाही फिरले. शब्द मी फिरवला.”

मॅडमनी खिडकीशी जाऊन समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. बाबू उभेच राहिले, निकालाला आलेल्या पोरासारखे. ‘हो’, ‘तिच्याविरुद्ध तेवढाच जबाब होता’, ‘नाही, दुसरं काही नाही’ एवढं कानावर पडत होतं.

फोन ठेवून मॅडम वळल्या. “तो कागद फाडा. ती उद्यापासून कामावर.”

बाबू दाराकडे वळले.

“पण हे लेखी द्या, काका. तुमच्या फाइलला लागेल. माझा इलाज नाही.”

“लागू दे, मॅडम.”

जागेवर येऊन त्यांनी लिहायला घेतलं. ‘दिस वॉज माय’ इथे हात थांबला. मिस्टेक? की फॉल्ट? आपल्याकडे दोन्हींना चूकच म्हणतात. पण मिस्टेक कुणाकडूनही होते, पाय घसरावा तशी. फॉल्ट ज्याचा त्याचा असतो. बाबूंनी ‘फॉल्ट’ लिहिलं आणि खाली सही केली.

चार वाजता मावशी आली. पदर घट्ट खोचलेला, रडून झालेले डोळे चष्म्याआड. “द्या. कुठे अंगठा करू?”

“अंगठा नको. उद्या सकाळची पाळी आहे, या.”

ती धपकन मामांच्या चादरींवरच बसली.

“अगं बाई, इस्त्रीच्या आहेत!” मामा ओरडले आणि मग स्वतःच फुस्सकन हसले. तीही हसली, डोळे पुसत.

“कुणामुळे झालं हो हे?” जरा वेळाने तिने विचारलं.

मामांनी छताकडे बघितलं.

“माझ्यामुळे,” बाबू म्हणाले. “तुमच्यावर मी संशय घेतला. तोच कागदावर गेला.”

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ती निघून गेली.

त्या रात्री वहीत नवी जोडी लिहायला बाबूंनी पेन उघडलं आणि तसंच मिटून ठेवलं.

सकाळी ते कचेरीत आले. बाबूंच्या टेबलावर पाण्याचा काचेचा जग असायचा, तो वॉर्डात जाताजाता मावशी भरून ठेवायची. आठ दिवस तो कोरडा पडला होता. आज काठोकाठ भरलेला होता, वर ग्लास पालथा. खाली कागदांना पाणी लागू नये म्हणून जुन्या चादरीचा चौकोनी तुकडा घडी करून ठेवला होता.

बाबूंनी ग्लास सुलटा केला आणि ते उभ्यानेच पाणी प्यायले.