साडेचारचा आकडा

"साडेचार," मासाए म्हणाली. मग तिने पाकिटाचं बटण उघडलं, टक्, आणि हिरव्या रंगाच्या सात छटांची प्लास्टिकची पट्टी बाहेर काढून भाताच्या पानाला लावली.

पान तीनच्या छटेशी नेमकं जुळलं.

ओयानागी बांधावर उभे होते. वय शहात्तर, गावाच्या भातगटाचे एकवीस वर्षांचे प्रमुख, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया कापणी उरकल्यावर करायची होती आणि तोवर गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. "रंग बघायला जोडीला ये," एवढंच त्यांनी मासाएला सांगितलं होतं. जोडीला कशासाठी, हे तिने विचारलं नव्हतं. चहा ओतताना त्यांची धार कपाच्या बाहेर जाते, हे तिने मागच्या महिन्यातच पाहून ठेवलं होतं.

"नक्की? मला जरा फिकं वाटतंय."

"उन्हामुळे वाटतं तसं. सावली पानावर घ्या, मग दिसेल."

ओयानागींनी सूर्याकडे पाठ केली, वाकून पानावर आपली सावली घेतली आणि नाक टेकेल इतका चेहरा जवळ नेला. काही दिसलं नसणारच. पण एकवीस वर्षं प्रमुख असलेला माणूस दिसत नाही असं थोडंच म्हणणार?

"बरोबर," ते म्हणाले. "साडेचारच. मग खताचा दुसरा हप्ता नको. एवढ्या गडद भाताला आणखी खत घातलं तर पहिल्याच वादळात आडवं पडेल."

"तुम्ही म्हणाल तसं," मासाए म्हणाली आणि पट्टी पाकिटात सरकवली.

संध्याकाळी पंपघराच्या फळ्यावर आकडा लागला. शिमोयाची या जपानी खेड्यात हीच रीत होती. रंग ओयानागींच्या खाचरात बघायचा आणि गावाने तो पाळायचा. सगळ्यांचं खत सारखं तर सगळ्यांचा तांदूळ सारखा, आणि सारखा म्हणूनच शिमोयाचीच्या नावाने ओळखला जाणारा. खत बेताचं, म्हणून चवीला गोड. ही गोष्ट खोटी नव्हती. फक्त ती गार उन्हाळ्यांतली होती.

तेरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा यंदासारखाच भाजणारा होता. तेव्हा फळ्यावर चार लागलं होतं. मासाएचा नवरा गिइची सगळ्या खाचरांतून फिरून आला आणि म्हणाला, पानं तीनच्या वर कुठेच नाहीत, रात्रीसुद्धा उकडतंय, आत्ता भात उपाशी ठेवलं तर दाणा पोटात खडूसारखा पांढरा पडेल आणि प्रत उतरेल. कुणी ऐकलं नाही. त्याने एकट्याने दुसरा हप्ता घातला. त्याचा तांदूळ काचेसारखा नितळ आला. पण तपासणीच्या यंत्रात प्रथिनं, जी खताने वाढतात आणि चव उतरवतात, गटाच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त निघाली, आणि सभेत ओयानागींनी त्याचं पोतं सगळ्यांसमोर ठेवून म्हटलं, "हा तांदूळ नाही, हा लोभ आहे."

त्याची पोती गावाच्या ढिगातून बाहेर काढली गेली. पुढच्या वसंतात पाटाचा गाळ उपसायला घरटी एक माणूस बोलावला, त्याला बोलावलं नाही. तो फावडं घेऊन दुपारपर्यंत दारात उभा होता. मग फावडं धुऊन जागेवर ठेवलं. दोन वर्षांनी डोक्यातली शीर फुटून गेला. अंत्यविधीला ओयानागी पहिल्या रांगेत बसले होते.

सभेत त्या दिवशी चौतीस माणसं होती. एकानेही तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळे यंदा साडेचार सांगताना आपण फक्त ओयानागींचं वाटोळं करतोय, अशी मासाएने स्वतःची समजूत घातली नव्हती. तिला सगळेच हवे होते. सगळ्यांनी आपापले पांढरे दाणे ओंजळीत घेऊन बघावेत आणि गिइचीचं नाव त्यांच्या तोंडून निघावं, एवढंच तिला हवं होतं.

स्वतःच्या तीन खाचरांत तिने पहाटे खत घातलं. पाठीवरचं यंत्र गावभर ऐकू जातं म्हणून घमेलं कमरेला बांधून, हाताने, गिइची फेकायचा तसं.

चार दिवसांनी शेजारची तोकी बांधावरून आली, हातात मीठ लावलेली वांगी घेऊन. गिइचीला वाळीत टाकल्यावरही ही एकटी दर ऑगस्टच्या तोंडावर वांगी आणून द्यायची. नवरा कमरेने अधू, खाचरं चारच, आणि सगळं काम हिच्याच अंगावर.

"मासाए-सान, आमचं भात पिवळट दिसतंय हो. मूठभर घालू का खत? पोटरीत आलंय, लोंब्या फुटायच्याच आहेत, आत्ता नाही तर कधीच नाही."

मासाएने वांगी हातात घेतली. जिभेवर आलं होतं, घाला, आजच घाला.

"फळ्यावर काय लागलंय?"

"साडेचार."

"मग?"

"हो ना, मग कसं घालणार," तोकी स्वतःशीच म्हणाली. "उगाच वेगळं काही केलं आणि गिइची-सानसारखं..." तिने जीभ चावली. "माफ करा. उन्हाने डोकं फिरलंय माझं."

"असू दे. वांगी छान आहेत," मासाए म्हणाली, आणि आत जाऊन तिने ती वांगी सुरीने गरजेपेक्षा फार बारीक चिरली.

ऑगस्टभर पाऊस पडला नाही. रात्रीसुद्धा पाटाचं पाणी हाताला कोमट लागत होतं. लोंब्या वेळेवर आल्या, वेळेआधी पिवळ्या झाल्या, आणि सप्टेंबरच्या मध्यावर गोदामात तपासणी लागली.

तपासनीस बाहेरगावचा होता. कागदी पोत्यात पोकळ सळई खुपसायची, निघालेला तांदूळ काळ्या ताटलीत पसरायचा, बोटाने सारखा करायचा आणि प्रत सांगायची. काळ्या ताटलीत पांढरे दाणे लपत नाहीत.

"तिसरी," तो म्हणाला. "तिसरी. दुसरी. तिसरी."

मासाए भिंतीला टेकून एकेक चेहरा बघत होती. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. तोकीच्या पोत्यांची पाळी आली तेव्हा मात्र ती छताकडे बघत राहिली. तिसरी, तिसरी, तिसरी. ओयानागींची पोतीही तिसरीच. त्यांनी ताटली मागून घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. काळ्यावरचं पांढरं त्यांनाही दिसलं असावं, कारण प्रत न विचारताच त्यांनी ताटली परत दिली.

शेवटी मासाएची पोती. तपासनीस ताटलीवर वाकला तो वाकलेलाच राहिला.

"हा याच गावातला? पहिली प्रत. यंदा महिनाभरात असा तांदूळ बघितला नाही मी. किती हप्ते घातलेत?"

गोदामात सगळे तिच्याकडे वळले. "दोन" हा शब्द तिने जुलैपासून तयार ठेवला होता.

"दोन," ओयानागी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली. "गिइची घालायचा तसेच दोन घातले असणार. त्या वर्षी गिइचीचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. त्यात लोभ नव्हता. मी तसं बोललो आणि तुम्ही ऐकून घेतलंत. आणि यंदाचा आकडा मीच चुकीचा वाचला. माझे डोळे गेलेत, मी लपवलं. हे पद मी आजच सोडतो."

ते मासाएच्या दिशेने कमरेत वाकले. मग एकेक करत सगळे वाकले. तेरा वर्षं जे ऐकायचं होतं ते तिला अक्षरन् अक्षर ऐकायला मिळालं, आणि कानापर्यंत चढलेली ती ऊब तिने पुरेपूर भोगली. तिच्याबद्दल मात्र म्हातारा एक अक्षर बोलला नव्हता. ते तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

गोदामामागे तुसाच्या ढिगाशी ओयानागींनी तिला गाठलं आणि पट्टीचं पाकीट पुढे केलं.

"सगळ्यांनी ठरवलंय. आता हे तुझ्याकडे."

तिने ते घेतलं.

"आकड्याच्या आधी बटणाचा आवाज यायला हवा होता," ते म्हणाले. "डोळे गेले, कान शाबूत आहेत. पण हे डोक्यात आलं ऑगस्टमध्ये, लोंब्या बाहेर पडल्यावर. तेव्हा खत घालून उपयोग नव्हता."

मासाएने विचारलं, "मग आत का नाही सांगितलंत?"

"ते सांगितलं असतं तर गिइचीचं बरोबर होतं हे कुणाला पटलं असतं?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आणि त्या वर्षी मी तर पाकीट उघडलंच नव्हतं. फार उकडत होतं. फळ्यावर चार लिहिलं आणि घरी गेलो."

ते पाय चाचपत निघाले. तिला वाटलं मागून धावावं, त्यांना धरून गदागदा हलवावं. तेवढ्यात कोपऱ्यावरून तोकी आली आणि तिच्यापुढे वाकली, इतकी की डोक्याचा रुमाल सुटून तुसात पडला.

"आम्ही गिइची-सानचं ऐकायला हवं होतं. यांच्या कमरेचं औषधपाणी यंदा कसं व्हायचं कुणास ठाऊक, पण दोष आमचाच आहे. पुढच्या वर्षी तुम्ही सांगाल तो आकडा. आम्ही पानाकडे बघणारसुद्धा नाही."

मासाएने रुमाल उचलला, झटकला, तिच्या हातात दिला. मग पाकिटाचं बटण उघडलं.

टक्.

पुढे गेलेले ओयानागी जागीच थांबले. मागे वळले नाहीत.

"तोकी-सान, इकडे बघा." मासाएने पट्टी तिच्यासमोर धरली आणि बोट तीनच्या छटेवर ठेवलं. "जुलैमध्ये ओयानागी-सानच्या खाचरात मी पट्टी लावली, तेव्हा पान इथे होतं."

तोकी हसतच वाकली, छटा नीट बघितली. मग तिने मान वर करून मासाएकडे बघितलं, आणि हळूहळू गोदामाच्या दाराशी रचलेल्या आपल्या पोत्यांकडे. मासाएने बोट काढलं नाही.