दोघांना पुरेल एवढा जनरेटर

वीज गेली तेव्हा फ्रेमवाले खाली दुकानात एका लग्नाच्या फोटोसाठी काच कापत होते. पंखा थांबला, दिवा विझला आणि पाठोपाठ वरच्या मजल्यावरून बारीक, एकसुरी शिट्टी ऐकू यायला लागली. ऑक्सिजनच्या मशीनची शिट्टी. हातातलं काम तसंच टाकून ते जिन्याकडे धावले.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. नाकातली नळी त्यांनी बोटांनी धरून ठेवली होती, जणू धरली म्हणजे हवा येत राहील.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलात तर दोघांचंही अवघड होईल."

फ्रेमवाल्यांनी कोपऱ्यातल्या लहान सिलिंडरची चावी फिरवली. पण ज्या हातांनी आयुष्यभर काचेवर सरळ रेघ ओढली, त्या हातांना साधी नळी जोडता येईना. शेवटी बाईंनीच ती जोडून घेतली. वीज आली ती संध्याकाळी. तोवर सिलिंडरचा काटा पार खाली गेला होता.

मुलीला कळल्याबरोबर तिचा फोन आला. ती शाळेत शिकवायची आणि आईवडिलांशीही वर्गात बोलावं तसंच बोलायची.

"बाबा, आता चालढकल नको. शनिवारी येते. आपण जनरेटर घेऊन टाकू. सगळं घर चालेल असा."

गल्लीत बाईंना सगळे मोजणीबाई म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. धरण कुठे बांधायचं, रस्ता कोणत्या उतारावरून न्यायचा, हे ठरण्याआधी जी माणसं तिपाईवर दुर्बीण लावून रानोमाळ हिंडतात, त्यांतल्या त्या एक. महिनोन् महिने तंबूत मुक्काम. घरी यायच्या त्या उन्हाने रापलेल्या, बुटांना वेगळ्याच रंगाची माती लागलेली, आणि चार दिवस झोपून पुन्हा जायच्या.

फ्रेमवाले दुकान सांभाळायचे, मुलीच्या वेण्या घालायचे आणि वाट बघायचे. दुकानातल्या भिंतीवर बाईंचे फोटो लागले होते, दुर्बिणीला डोळा लावलेले, तंबूच्या दोरीवर कपडे वाळत घालतानाचे. शेजारचा शिंपी त्यांना चिडवायचा, "लोक गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीला लावतात. तू कामाला गेलेल्या बायकोचे लावतोस." फ्रेमवाले हसून सोडून द्यायचे. ती निवृत्त झाली की घरी येईल, मग रोज समोर असेल, या एका गोष्टीवर त्यांनी ती सगळी वर्षं काढली होती.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्ष सरायच्या आत त्यांची छाती बिघडली. चार पावलं चाललं तरी धाप लागायची. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. मग मात्र बाई खरोखरच घरी राहिल्या. इतक्या, की नळी जिथवर पोचेल तिथवरच त्यांचं जग. फ्रेमवाल्यांना वाईट वाटायचंच. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना बरंही वाटायचं, आणि त्याची त्यांना लाज वाटायची. दुपारी जेवायला वर आलं की ती असायची. संध्याकाळी शटर खाली ओढून जिना चढला की असायची. फक्त ती बघायची खिडकीबाहेर. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, त्यांच्या पलीकडे थोडं आकाश. तेवढ्याकडे ती तासन् तास बघत बसायची.

शनिवारी मुलगी गाडी घेऊन आली. भरून आणलेला लहान सिलिंडर मांडीवर घेऊन बाईही निघाल्या. "मशीन माझं आहे," त्या म्हणाल्या, "तर त्याची सोयही मीच बघणार."

दुकानदार घसा खाकरत बोलणारा, अघळपघळ माणूस होता. त्याने त्यांना थेट मागच्या रांगेतल्या थोराड जनरेटरपाशी नेलं. चाकं लावलेला, लोखंडी सांगाड्यातला.

"हा घ्या. फ्रिज, पंप, दिवे, मशीन, सगळं एकदम चालेल. शिवाय दोन्हींवर चालतो. पेट्रोल घाला, नाहीतर स्वयंपाकाच्या गॅसची टाकी जोडा."

"हाच," मुलगी म्हणाली.

"दोन्हींवर म्हणजे त्यात फरक काय?" बाईंनी विचारलं.

"पेट्रोलवर जोर जास्त. गॅसवर थोडा कमी, पण धूर कमी आणि साठवायला बरा. पेट्रोल पडून राहिलं की खराब होतं, इंजिन कुरकुरायला लागतं. गॅस वर्षभर ठेवला तरी तसाच."

बाईंनी मान हलवली आणि त्या सिलिंडर ठेवलेल्या चाकांच्या गाड्याला रेलून पुढच्या रांगेकडे निघाल्या. तिथे एक लहान, बंद पेटीसारखा जनरेटर होता, वर धरायला मूठ असलेला.

"हा?"

"हा इन्व्हर्टरवाला. याची वीज अगदी स्थिर येते, नाजूक मशीनला चांगली. हाही दोन्हींवर चालतो. पण घर नाही चालणार यावर, बाई. हा सहलीला जाणारे लोक नेतात. तुमचं मशीन, दोन दिवे, पंखा. फ्रिज लावलात तर बाकीचं बंद ठेवावं लागेल."

"आवाज किती लांबून ऐकू येतो?"

"आई, शेजाऱ्यांची काळजी तू करू नकोस," मुलगी म्हणाली.

पण दुकानदाराने चालू करून दाखवला. मोठा आधीच दाखवून झाला होता आणि त्याच्या धडधडाटात कोणाचं बोलणं कोणाला कळलं नव्हतं. हा नुसता गुणगुणत राहिला. बाई थोड्या लांब गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या, आणखी लांब गेल्या. परत येऊन त्यांनी विचारलं, "एकट्या माणसाला उचलता येईल?"

"येईल की."

"अहो, उचलून बघा ना."

फ्रेमवाल्यांनी मूठ धरून उचलला. जड होता, पण काचेचा मोठा तावही जडच असतो. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले. खाली ठेवून वर बघितलं, तर बाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या की ते बावरले. पूर्वी मुक्कामाला निघताना सामान बांधून झालं की जो चेहरा व्हायचा, तोच तो चेहरा.

मुलगी ऐकेना. रात्री-बेरात्री चार तास वीज गेली, फ्रिजमधली औषधं खराब झाली, तर? तिचंही चूक नव्हतं. कुणी आवाज चढवला नाही, पण काहीच न घेता तिघं परतली.

मुलगी तिच्या घरी गेल्यावर फ्रेमवाल्यांनी विचारलं, "घर इथे, मशीन इथे. जनरेटर उचलून न्यायचाय कुठे?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"सहलीला जाणारे लोक तळ्याकाठी तंबू लावतात. तिथे ना?"

"एकदाच," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारलंय मी. उंचावर नको म्हणाले, सपाटीला हरकत नाही. मशीन चालत राहिलं पाहिजे एवढंच."

डॉक्टरांना विचारून झालं होतं, आणि आपल्याला आज कळतंय. फ्रेमवाल्यांच्या मनात इतकी वर्षं न बोललेलं बाहेर आलं.

"सगळा जन्म तंबूत काढलास. मी कधी म्हटलं का, जाऊ नकोस म्हणून? आता कुठे घरात आहेस. तर इथेही तुझं लक्ष बाहेरच."

बोलायला बाईंना दम गोळा करावा लागायचा, म्हणून त्या थांबल्यात की दुखावल्यात हे कळायला मार्ग नव्हता.

"तिथे काम संपलं की," त्या म्हणाल्या, "दुर्बीण पेटीत जायची. कंदील लागायला अवकाश असायचा. तेवढा वेळ मी बाहेर दगडावर बसायची. आणि रोज एकच विचार, तुम्ही आता शटर ओढत असाल. पोरगी जिन्यात बसली असेल. इतकी आठवण यायची की उजेड कधी गेला ते कळायचं नाही. आता इथे बसते, तुमच्या शटरचा आवाज येतो, आणि मला तो दगड आठवतो." त्या थांबल्या. "मी एका वेळी दोन्हीकडे कधीच नव्हते हो. एक संध्याकाळ तिथे बसायचंय. तुमची आठवण काढावी न लागता."

फ्रेमवाल्यांनी तिच्या नळीत पडलेली गाठ सोडवली आणि चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं दुकान उघडलंच नाही. लहान जनरेटर, गॅसची छोटी टाकी आणि लांबलचक वायर घेऊनच ते घरी आले. मागच्या मोकळ्या जागेत ठेवून त्यांनी तो आधी पेट्रोलवर चालवला, मग गॅसवर. बंद खोलीत चालवायचा नाही, त्याचा धूर जीव घेतो, हे दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. त्यांनी ते शिंप्यालाही दोनदा ऐकवलं. वायर खिडकीतून वर घेऊन बाईंचं मशीन जोडलं. मशीन सुरू राहिलं. मुलीला फोन करून त्यांनी सांगितलं, "औषधांसाठी एक बर्फाची पेटी घेऊ. फ्रिजचं आपण बघू. मला हा उचलता येतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, कुठे निघालात ते तरी सांगा."

तळ्याकाठच्या जागेची देखरेख करणारा माणूस आधी तयार होईना. अंधार पडला की इथे जनरेटर बंद, हा नियम. फ्रेमवाल्यांनी बाईंच्या नाकातल्या नळीकडे बोट दाखवलं. त्याने आवाज ऐकून तर बघू म्हटलं, ऐकला, आणि त्यांना होड्यांच्या शेडपलीकडची, इतरांपासून लांबची जागा दिली. बाईंनी ओंजळभर सुकं गवत उडवून वारा कुठून आहे ते बघितलं आणि तंबूची आणि जनरेटरची जागा ठरवून दिली. धूर तंबूकडे येता कामा नये.

तंबू फ्रेमवाल्यांनी ठोकला. म्हणजे बाई खुर्चीतून सांगत होत्या आणि ते चुकत होते.

"खुंटी तिरकी हवी. तंबूपासून लांब झुकलेली."

"सरळ चांगली दिसते."

"भिंतीवर फोटो नाही टांगायचाय तुम्हाला."

दोघंही हसली. बाईंना हसताना ठसका लागला आणि फ्रेमवाले खुंटी टाकून त्यांच्याकडे वळले. पण ठसका थांबला आणि त्या पुन्हा हसल्या.

ऊन उतरलं. पाण्यावरचा उजेड पिवळा झाला, मग करडा. शेडच्या बाजूला जनरेटर गुणगुणत होता.

"जरा बंद करता?" बाईंनी विचारलं. "लहान सिलिंडर लावा. थोडाच वेळ."

या वेळी फ्रेमवाल्यांनी नळी पहिल्याच प्रयत्नात जोडली. जनरेटर बंद करून ते परत आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. कानांना आधी काहीच ऐकू आलं नाही. मग काठाला लागणारं पाणी, लव्हाळ्यातला एक पक्षी, दूर कुणीतरी भांडं घासत असलेलं. आणि सगळ्यात जवळ तिचा श्वास, नेहमीपेक्षा संथ.

"याच वेळेला," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

फ्रेमवाल्यांना वाटलं, आता आपल्याला बरं वाटायला हवं. जिची इतकी वर्षं वाट बघितली ती हाताच्या अंतरावर होती. पण बुटांवर वेगळ्याच मातीचा रंग घेऊन दारात उभी राहायची, त्या बाईची त्यांना फार आठवण आली. ती अशीच कुठेतरी दगडावर बसलेली असायची आणि आपण शटर ओढत असायचो. तो दगड कसा होता, तिथे वारा कसा होता, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती थांबत थांबत सांगत राहिली, एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जात. सिलिंडरचा काटा बघायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. काटा अर्ध्यावर आल्यावर ते उठले आणि जनरेटर पुन्हा सुरू करून आले. त्या गुणगुणण्यातच तिला झोप लागली.

सकाळी सामान आवरताना फ्रेमवाल्यांनी एकट्याने जनरेटर मुलीकडून आणलेल्या गाडीत चढवला. बाई आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर सिलिंडर. धुकं हटलं होतं आणि तळ्याच्या पलीकडे डोंगराची एक निळी रांग उघडी पडली होती.

"ती मधली सोंड दिसते?" त्यांनी विचारलं. "तिच्या माथ्यावर मी मोजणीची खूण रोवलीय. माझ्या पहिल्या वर्षी. अजून असेल."

फ्रेमवाल्यांनी डोळे बारीक करून बघितलं. तिथे कधी जाता येणार नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं.

"किती उंच आहे?"

बाईंनी उंची सांगितली आणि काच खाली करून बघत राहिल्या. फ्रेमवाल्यांनी किल्ली हातातच ठेवली. तिचं बघून होईपर्यंत त्यांनी गाडी सुरू केली नाही.